हलावं लागतं

विल्यांडीत फेब्रुवारीची रात्र, बाहेर उणे एकोणीस.
सरपणाच्या खोलीला लागून जी अरुंद जागा आहे
तिथं तार्वोचं जुनं यंत्र घरघरतंय.
मी दोनदा जाऊन आले. एकदा चहा घेऊन,
एकदा नुसतीच.

दिवसा तो दूध संघाचे हिशेब बघतो.
रात्री त्यानं लिहिलेला प्रोग्रॅम
(नाव रेबाने, म्हणजे कोल्हा)
शेजारच्या एवाल्डचं कोडं सोडवतो.
पांढऱ्यानं नऊ खेळींत मात करायची.
एवाल्डनं ते पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीनं काढून दिलं,
म्हणाला, विचार तुझ्या कोल्ह्याला.
एक्क्याऐंशीचा आहे. जंगलखात्यात मोजणीदार होता.
अजून झाडाकडं नुसतं बघून उंची सांगतो,
चुकला तर हातभर.

कोल्हा आधी गोंगाट हुंगतो.
शह, मारामारी, वजिराचा बळी,
जिथं रक्त सांडतं तिथं पहिलं नाक.
आणि धुरळा बसेपर्यंत मोजत राहतो,
कारण मध्येच थांबला तर फसतो:
मारलेला घोडा दिसतो,
त्यापायी जाणारा हत्ती दिसत नाही.

पूर्वी त्याला एक खोड होती.
मात दिसली की समोर प्यादी फेकायचा,
एक, अजून एक.
मात तेवढी लांब सरकायची, नजरेच्या कडेपलीकडं,
आणि याला वाटायचं, टळली.
माझ्या भावानं दुकानाचं असंच केलं होतं.
आधी गाडी विकली, मग शिलाई यंत्रं,
शेवटी दारावरची पाटी.

छाटणीचं त्याचं गणित मात्र मला पटत नाही, आणि हेवा वाटतो.
एखाद्या खेळीला एक जरी चोख उत्तर सापडलं
की ती फांदी तिथंच तोडायची.
किती वाईट, हे बघत बसायचं नाही.
वाईट आहे, एवढं पुरे.
मी मार्चमध्ये सफरचंदाची झाडं छाटते
तेव्हा पडलेली प्रत्येक फांदी उचलून बघते.
सत्त्याण्णव साली तार्तूची नोकरी नाकारली,
ती फांदी अजून मोजतेय,
चाळीस खेळी खोल.

तीन वाजता तार्वो वर आला.
म्हातारा चुकला, म्हणाला. कोल्हा बरोबरी सांगतो.
त्याच्या आवाजात थोडा आनंद होता,
तो मला आवडला नाही.
मी विचारलं, तुझा कोल्हा इतका झरझर कसा जातो?
पेल्यात पाणी ओतत तो सांगू लागला.
प्रत्येक ठिकाणी तो आधी बघतो,
मी काहीच केलं नाही तर?
हाताची घडी घालून बसलो,
समोरच्याला लागोपाठ दोन खेळी दिल्या,
तरीही माझं बरंच चाललंय?
मग इथं खोल जायला नको.
कारण काहीतरी करणं हे
काही न करण्यापेक्षा नेहमीच

पेला तसाच हातात राहिला.

नेहमीच, तो पुन्हा म्हणाला, हळू,
आणि पायऱ्या उतरून गेला.

एकच ओळ बंद केली त्यानं.
पाच वाजून दहा मिनिटांनी उत्तर आलं.
पांढरा राजा एक घर सरकतो, कोपऱ्यात.
शह नाही, धमकी नाही,
कुणी दार लोटून घ्यावं तसं.
काळ्याला कसलीच भीती नाही.
त्याचं प्रत्येक मोहरं जिथं हवं तिथंच उभं आहे.
नुसता बसून राहिला असता तर जगला असता.
पण खेळी त्याची आहे,
आणि या खेळात
बसून राहण्याची सोय नाही.

समोर एवाल्डच्या खिडकीत दिवा लागला
तेव्हा तार्वोच्या एकाच पायात बूट होता.
मीही मागोमाग गेले, कोटाची बटणं न लावता.
एवाल्डनं कागद डोळ्यांजवळ धरला.
किती वेळ लागला?
रात्रभर.
मला दोन हिवाळे लागले, तो म्हणाला,
आणि दाराआडचं फावडं
तार्वोच्या हातात दिलं.
पायरीवर बर्फ गुडघाभर साचला होता.